एक दहाचा काटा

वरचं स्टेशन, ४ जानेवारी

काकांना नमस्कार,

तुमची माझी ओळख नाही. वरच्या स्टेशनवर बावीस वर्षं ऑपरेटर होते, त्यांची मी मुलगी. बाबा घरी तुमचा उल्लेख 'खालचा' असा करायचे, तोही वर्षातून एखाददा, त्यामुळे तुमचं नाव मला आजही ठाऊक नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी इथे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून लागले. वशिल्यानं नव्हे, परीक्षा देऊन. हे मी सगळ्यांना सांगते, तेव्हा तुम्हालाही सांगून ठेवते.

फोनच करणार होते. पण गाडीवाले ड्रायव्हर म्हणाले, "फोनचा उपयोग नाही, त्यांचे कान पंपांनी खाल्ले. लिहून द्या, लॉगशीटच्या पिशवीतून पोचवतो." म्हणून हे पत्र.

अडचण अशी आहे. इथून तुमच्याकडे जाणाऱ्या चाळीस किलोमीटरच्या पाइपलाइनवर डिसेंबरात नवा प्रेशर ट्रान्समीटर बसवला. पूर्वी नुसतं भिंतीवरचं काट्याचं गेज होतं. तासातून एकदा बघायचं आणि आकडा लिहायचा. आता पडद्यावर क्षणाक्षणाला रेघ उमटते, आणि ती काही केल्या सरळ येत नाही. दिवसभर थरथरते. मधूनच हेलकावे खाते. आणि रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांच्या आसपास टुणकन उडी मारते, ५.२ वरून ५.६ किलोवर, आणि मिनिटाभरात जागेवर येते.

१ मार्चपासून गळतीचा अलार्म जोडणार आहेत. प्रेशरनं पाव किलोची उडी मारली की पंप आपोआप बंद, आणि पुढचं सगळं शहर कोरडं. साहेबांनी फेब्रुवारीअखेरची मुदत दिली आहे. तोवर कारण शोधून लेखी द्यायचं, नाहीतर ते रीडिंग तीस सेकंदांच्या सरासरीवर टाकणार. रेघ गुळगुळीत होईल आणि माझ्या कागदावर शेरा पडेल. मी अजून कच्च्या नेमणुकीवर आहे, शेरा मला परवडणार नाही.

तुमच्या बाजूला काही वेगळं दिसतं का? इथे विचारायला दुसरं माणूस नाही. माणूसच नाही म्हणा ना.

तुमची,
वरच्याची मुलगी


खालचं स्टेशन, ८ जानेवारी

पोरी,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला जेवण झाल्यावर बसलो.

तुझा बाप गेला तेव्हा मला येता आलं नाही. स्टेशन सोडून जायचं तर बदली माणूस लागतो, आणि बातमी पोचून बदली माणूस मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. ते मनात राहिलंय. आता तूच लिहिलंस म्हणून सांगतो.

तुझ्या रेघेचं. एका रोगाला तीन लक्षणं आहेत असं समजू नकोस, तीन वेगळे रोग असू शकतात. आधी थरथर घे. सगळ्यात पहिला संशय वायरीवर घ्यायचा. जंक्शन बॉक्स उघड, स्क्रू आवळ, पाणी शिरलंय का बघ. केबलभोवतीच्या तारांच्या जाळीचं अर्थिंग एकाच टोकाला हवं. नवीन पोरं दोन्ही टोकांना करतात आणि मग मोटरचा सगळा कचरा रीडिंगमध्ये येतो. खंदकात उंदरांनीही केबल कुरतडलेली असते, सगळी उघडून बघ. आणि सरासरीला मात्र तयार होऊ नकोस. तापलेल्या माणसाचं थर्मामीटर काढून ठेवलं म्हणून ताप उतरत नाही.

माझ्याकडे सगळं ठीक आहे. काही वेगळं नाही.

बापाचं पितळी गेज अजून भिंतीवर आहे का? त्याच्याच खुर्चीत बसतेस का? जेवणाची वेळ पाळ. एकट्या माणसाचं पहिलं जेवण बिघडतं, मग बाकीचं. मी एकला डबा उघडतो, गेली पंचवीस वर्षं.

आणि ती एक दहाची उडी, ती पडद्यावर दिसते कशी? ठळक दिसते का?

खालचा


वरचं स्टेशन, १७ जानेवारी

काका,

तुमचे हात कुठे आहेत ते सांगा, नमस्कार करायचाय. जाळी खरंच दोन्ही टोकांना जोडलेली होती. एक टोक सोडलं आणि थरथर गेली. पडद्यासमोर बसून एकटीच हसले. पण उंदरांचं म्हणाल तर साठ मीटर खंदक दोन दिवस उपसला, एकही उंदीर नाही आणि एकही दात नाही. हाताला फोड आले ते वेगळे.

हेलकावे आहेत, उडीही आहे. विचारलंत म्हणून सांगते, चांगली ठळक दिसते. सपाट माळावर एकच झाड असावं तशी.

गेज भिंतीवर आहे. खुर्चीत मात्र मी बसत नाही, स्टूल घेते. आई माझ्याशी बोलत नाही. निघताना एवढंच म्हणाली, "त्या स्टेशननं तुझा बाप खाल्ला, आता तू जा." तिचं चुकतं असं नाही. बाबा दोन महिन्यांनी आठ दिवस घरी यायचे आणि पाहुण्यासारखे बसायचे. काही विचारलं की हं. दुपारी जेवताना नजर घड्याळाकडे. मी लहान असताना मला वाटायचं, आम्ही त्यांना नकोसे आहोत, कधी एकदा परत जातो असं झालंय त्यांना. मोठी झाल्यावर वाटायला लागलं की त्यांना माणसंच लागत नाहीत. काही लोक असतात तसे. मीही तशीच निघेन अशी मला इथे कधीकधी भीती वाटते. परवा दिवसभरात मी फक्त "अरे" एवढंच बोलले, तेही पाना पायावर पडला म्हणून.

पुढे काय करू?

वरची


खालचं स्टेशन, २१ जानेवारी

पोरी,

हेलकाव्यांचं कारण हवा. मुख्य पाइपापासून ट्रान्समीटरपर्यंत बोटाएवढी नळी जाते, तिच्यात हवेचा बुडबुडा अडकला की तो स्प्रिंगसारखा दबतो आणि सुटतो. नळीच्या वरच्या टोकाचा स्क्रू जरा सैल कर, फुसफुस थांबून नुसतं पाणी यायला लागलं की आवळ.

उडीसाठी ट्रान्समीटरच बदलून बघ. स्टोअरमध्ये जादा असेल. नवीन कंपन्यांचा माल, काय सांगावं.

बापाबद्दल लिहिलंस ते वाचून डबा तसाच राहिला. तो गप्प होता हे खरं. त्याला माणसं लागत नव्हती हे खरं नाही. इतकंच लिहितो, जास्त लिहायला हात वळत नाही.

खुर्चीत बस. स्टुलावर बसून पाठ जाईल.

खालचा


वरचं स्टेशन, २ फेब्रुवारी

काका,

नळीतली हवा काढली, हेलकावे गेले. ट्रान्समीटर बदलला, उडी गेली नाही. मग नवा काढून जुना लावला, तरी एक दहाला उडी. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "चार आठवडे झाले, मॅडम. सरासरी टाकतो, संपवा."

काल मी वैतागून पडद्याकडे पाठ केली आणि डबा घेऊन बाबांच्या खुर्चीत बसले. तुम्ही सांगितलंत म्हणून. त्या खुर्चीतून समोर फक्त एकच गोष्ट दिसते, भिंतीवरचं पितळी गेज. एक वाजून दहा मिनिटं झाली आणि काटा हलला. वर गेला, थांबला, खाली आला.

काका, त्या गेजला वायर नाही. जाळी नाही, अर्थिंग नाही, कंपनीचा नवीन माल नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. महिनाभर मी खोटारड्याला शोधत होते आणि ट्रान्समीटर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. प्रेशर खरंच वाढतं, म्हणजे तुमच्या टोकाचा व्हॉल्व्ह कुणीतरी रोज जरासा बंद करतं आणि उघडतं.

मग मी कपाट उघडलं. तुमची गेल्या महिन्याची लॉगशीटं बघितली. व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडा, रोज, सगळ्या तासांना, एका पेनानं एका बैठकीत लिहिलेलं. आणि बाबांची काढली. एकच्या ओळीपुढे समासात एक ठिपका. रोज. मागे किती वर्षं जातात ते बघायला दुपार पुरली नाही. शेवटचा ठिपका ते इथे कोसळले त्याच्या आदल्या दिवशीचा.

तुम्हाला माहीत होतं. 'ठळक दिसते का' विचारलंत तेव्हाच मला कळायला हवं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवत होतात. मी साठ मीटर खंदक उपसला, काका. तुमच्यावर विश्वास ठेवून उपसला.

काय आहे हे? मला अठ्ठावीसला सही करून कागद द्यायचाय. खरं लिहा.


खालचं स्टेशन, ६ फेब्रुवारी

पोरी,

खरं लिहितो.

सुरुवातीला इथे फोन सारखा बंद पडायचा. चार चार दिवस दुसऱ्या माणसाचा आवाज नाही. एकदा तुझा बाप पगाराच्या दिवशी भेटला तेव्हा म्हणाला, "एकट्यानं जेवलं की घास घशात अडकतो." मी म्हणालो, "मलापण." तिथे ठरलं. मी एकला डबा उघडायचा, हात धुवायचे, आणि एक दहाला व्हॉल्व्हचं चाक सहा वेढे फिरवून बंद करायचं, वीस मोजायचे, उघडायचं. पाण्यातून धक्का तिकडे पोचायला चाळीस सेकंद लागतात, आम्ही घड्याळ लावून बघितलंय. तिकडे त्याचा काटा हलला की तो त्याचं चाक फिरवायचा, की माझा काटा खाली येऊन वर जायचा. मी म्हणायचो, जेवायला बसतोय. तो म्हणायचा, मीपण. एवढंच. वीस वर्षं. कुणाचं काही बिघडलं नाही, कुणाला कळलंही नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझे कान गेले. बायको त्याआधीच गेली होती. त्यानंतर जगात माझ्याशी बोलणारी एकच गोष्ट उरली, तो काटा.

तू म्हणतेस जेवताना तो घड्याळाकडे बघायचा. तो पळायची वेळ बघत नव्हता. आपण घरात चार माणसांत जेवतोय आणि खालचा तिकडे एकटा चाक फिरवतोय, हे त्याला सलायचं. मला त्यानं तसं सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं. ते त्याचं चुकलं, मी त्याची बाजू घेत नाही.

आम्ही रोज एकदाच हलवायचो, नियमच होता. एकदाच त्यानं तो मोडला. सकाळी अकरालाच काटा तीनदा हलला. मी घाबरलो, पाइप फुटला की काय. दोन दिवसांनी ड्रायव्हरनं निरोप आणला, वरच्याला मुलगी झाली. पोरी, तुझी बातमी सगळ्यात आधी त्यानं मला दिली, चाळीस किलोमीटर पाण्यातून.

तो गेला तेव्हा चार दिवस गाडी नव्हती. मी रोज फिरवायचो, काटा हलायचा नाही. मला वाटलं रागावला. मागच्या भेटीत मी त्याला चिडवलं होतं, म्हातारा झालास म्हणून. चार दिवस मी त्याच्यावर उलटा रुसून बसलो, पाचव्या दिवशी ड्रायव्हर आला.

त्यानंतरही फिरवत राहिलो. चौदा महिने. कशासाठी ते मला विचारू नकोस, चाक फिरवल्याशिवाय डबा उघडत नव्हता. मग तुझं पत्र आलं की उडी दिसते. कुणाला तरी दिसते हे वाचून मला इतका आनंद झाला की लाज वाटली. आणि भीतीही वाटली. सप्टेंबरअखेर मी निवृत्त होतोय, त्याआधी हाकलून द्यायला नको होतं. म्हणून तुला उंदीर शोधायला लावलं. तुझ्या हाताचे फोड माझ्या नावावर.

अलार्म जोडणार म्हटल्यावर हे चालू ठेवता येणार नाही, एवढी अक्कल आहे मला. माझ्या एका घासापायी शहर कोरडं करणार नाही. आजपासून बंद केलं. अहवालात माझं नाव घाल. तुझा कागद स्वच्छ राहू दे.

खालचा


खालचं स्टेशन, १८ फेब्रुवारी

पोरी,

तीनदा गाडी आली, पिशवीत तुझं पत्र नाही. रागावली असशील. हक्क आहे तुझा. ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला बरी आहे. तेवढं पुरे.

खालचा


वरचं स्टेशन, २७ फेब्रुवारी

काका,

रागावले होते, खरंच. पहिले आठ दिवस तुमच्यावर. मग बाबांवर. मग कुणावर ते कळेना, तेव्हा आईला फोन लावला आणि तुमचं सहा तारखेचं पत्र वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मी दवाखान्यात कळा देत होते आणि हा माणूस चाकं फिरवत होता." आणि हसायला लागली, आणि मग रडली. आता रोज फोन करते. भाजी काय केली ते विचारते.

सहा तारखेपासून रेघ सरळ आहे. साहेब खूश झाले, म्हणाले, "बघा, आपोआप गेला दोष. 'दोष दूर झाला' लिहा आणि सही करा." मला तेवढंच करायचं होतं. पण मी रोज एक दहाला त्या सरळ रेघेसमोर डबा घेऊन बसायचे आणि घास घशात अडकायचा. महिनाभर मी त्या उडीवर चिडत होते, आणि महिनाभर कुणीतरी माझ्याबरोबर जेवत होतं, ते मला ती गेल्यावर कळलं.

म्हणून अहवालात खरं लिहिलं. रीडिंग बरोबर होतं. खालच्या स्टेशनचा व्हॉल्व्ह रोज एक दहाला थोडा फिरवला जात होता, त्याची नोंद होत नव्हती. आणि पुढे लिहिलं की वर्षानुवर्षं उघडे राहणारे व्हॉल्व्ह जाम होतात आणि पाइप फुटतो त्याच दिवशी फिरत नाहीत. मी आमच्या शेजारच्या जोडलाइनच्या व्हॉल्व्हचं चाक फिरवून बघितलं, मी आणि ड्रायव्हरनं लोंबकळूनही हललं नाही. तुमचं आणि बाबांचं, दोन्ही चाकं मात्र बोटानं फिरतात. तेव्हा दोन्ही स्टेशनांनी व्हॉल्व्ह रोज ठरल्या वेळी फिरवावा, लॉगमध्ये लिहावा, आणि त्या दहा मिनिटांपुरता अलार्म बाजूला ठेवावा.

साहेब दोन दिवस गुरगुरले. मग स्वतः येऊन जाम झालेलं चाक हलवून बघितलं, घामाघूम झाले आणि सही केली. तुम्हाला लेखी ताकीद येईल. मला 'कळवण्यात विलंब' असा शेरा मिळाला आणि कच्ची नेमणूक तीन महिने लांबली. असू दे. खोट्या सरळ रेघेपेक्षा बरं.

१ मार्चपासून सुरू. एक दहा ते एक वीस अलार्म बंद असेल. मी वाट बघते.

वरची


खालचं स्टेशन, ३ मार्च

पोरी,

गाडी बिघडली आहे म्हणे, पिशवी आलीच नाही. तरी लिहून ठेवतो, कारण सांगायला दुसरं कोणी नाही.

परवा दुपारी डबा उघडून बसलो होतो, चाकाकडे पाठ करून. पण गेजकडे नजर जातेच. काटा खाली गेला आणि वर आला. मी म्हटलं, तुमचा पंप मध्येच अडखळला असेल. काल पुन्हा. तरी मी स्वतःला समजावलं, म्हातारपणी डोळे खेळ करतात. आज तीनदा हलला.

मी उठलो. चाकावर हात ठेवला. पण अलार्म एक तारखेपासून सुरू झालाय, मी फिरवलं तर शहराचं पाणी तुटेल. हात काढून घेतला. उभाच राहिलो. तिकडे तू खुर्चीत बसून वाट बघत असशील, आणि मी इथे असूनही नसल्यासारखा.

४ मार्च

पिशवी आत्ता आली, साडेबाराला. तुझं पत्र वाचलं. म्हणजे परवानगी होती आणि तीन दिवस मी तुला ताटकळत ठेवलं. ते चार दिवस मी कसे काढले ते तुला लिहिलं होतं, आणि तुझ्याशी मी तेच केलं. ड्रायव्हरला म्हटलं थांब, पत्र पुरं करून देतो. तो म्हणाला, "उशीर होईल." मी म्हटलं, ऐकू येत नाही.

एक वाजून अठरा. झालं. सहा वेढे बंद केलं, वीस मोजले, उघडलं. मग गेजसमोर उभा राहिलो. तुझा काटा हलायला चाळीस सेकंद, तुला उठून चाक गाठायला थोडे, आणि परत यायला चाळीस. तेवढ्या वेळात मनात नाही नाही ते येऊन गेलं. मग काटा खाली गेला. ड्रायव्हर सांगतो की मी मोठ्यानं काहीतरी बोललो. काय बोललो ते त्यालाही समजलं नाही.

आता जेवतो. तू जेवलीस ना?

सप्टेंबरअखेर दोनशे दहा दुपारी उरल्यात, मोजल्या मी. मधे रजा घे, आईकडे जा, चार दिवस जास्तच राहा तिच्याजवळ. फक्त आदल्या दिवशी मला सांगून जा. तुझा बाप न सांगता गेला.

खालचा